नैनिताल की कोडाईकॅनल? तळ्याकाठच्या उन्हाळी सुट्टीसाठी

थंड हवा आणि शेजारी तळं एवढीच मागणी असेल, तर मराठी माणसाला आधी महाबळेश्वरचं वेण्णा लेक आठवतं. ते बहुतेकांचं दोन-तीनदा करून झालेलं असतं. उदयपूरची तळी देखणी, पण मे महिन्यात तिथे पारा चाळिशीला टेकतो, ते दिवाळीनंतर करावं. मग घरात चर्चा सुरू होते ती नैनिताल आणि कोडाईकॅनलची. दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटरवर, दोन्हीकडे गावातच तळं, आणि मेमध्ये दोन्हीकडे रात्री स्वेटर लागतो.

फरक कळतो तो गर्दीच्या दिवसांत. नैनितालची गर्दी पायी असते आणि डोंगरांच्या वाटीत कोंडलेली असते. कोडाईची गर्दी गाडीत बसून एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर जात असते. यातली कुठली गर्दी आपल्याला सोसेल, ते आधी ठरवा. हॉटेलचे फोटो नंतर बघा.

तळं आणि त्याच्या भोवतीचं

आकाराचा अंदाज हवा असेल तर सोपं गणित आहे. वेण्णा लेकच्या साधारण दुप्पट कोडाईचं तळं, आणि त्याच्या दुप्पट नैनी तलाव. नैनी नैसर्गिक आहे, सर्वात खोल जागी सुमारे २७ मीटर. कोडाईचं मानवनिर्मित. मदुराईचे कलेक्टर व्हेरे लेविंज यांनी १८६३ मध्ये ओढा अडवून ते तयार करवलं. चांदणीसारखे फाटे फुटलेलं हे तळं एका जागेवरून कधीच पूर्ण दिसत नाही, आणि हीच त्याची गंमत.

नैनितालला दोन टोकं: वरचं मल्लीताल, खालचं तल्लीताल. मधे तळ्याला लागून मॉल रोड, जेमतेम दीड किलोमीटर. सीझनमध्ये संध्याकाळी तो वाहनांना बंद होतो आणि सगळं गाव तिथे उतरतं. मेणबत्त्यांची दुकानं, लोकरीचे कपडे, मोमो, सेल्फी आणि हरवलेल्या मुलांना मारलेल्या हाका. ज्यांना जत्रा आवडते त्यांची इथे चंगळ आहे. ज्यांना आवडत नाही त्यांनी समोरच्या काठावरची ठंडी सडक धरावी. ती फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, झाडांच्या सावलीतली, मधे पाषाणदेवीचं छोटं देऊळ. मॉल रोडवर पाऊल ठेवायला जागा नसते तेव्हाही इथे बरीच शांतता सापडते. बहुतेक टूरवाले इकडे फिरकतही नाहीत. माझ्या मते नैनितालमधला सर्वात चांगला तास हाच, आणि तो फुकट आहे.

मल्लीतालला पोचलात की मोठं मैदान लागतं, त्याला फ्लॅट्स म्हणतात. डोंगराळ गावात एवढी सपाट जागा आली कुठून? १८ सप्टेंबर १८८० ला इथे दरड कोसळून १५१ माणसं गेली, नैनादेवीचं देऊळही गाडलं गेलं. त्या दरडीच्या मातीने तळ्याचा काठ भरून हे मैदान पसरलं. आज तिथे संध्याकाळी मुलं फुटबॉल खेळतात. शेजारी नव्याने बांधलेलं देऊळ आहे आणि तिबेटी बाजारही. हे ठाऊक असलं की समोरच्या कड्याकडे बघायची नजर बदलते.

बोटिंगचं म्हणाल तर नैनितालमध्ये नाववाला वल्हवतो, तुम्ही गादीवर रेलून बसायचं. पायंडल मारायच्या बोटीही आहेत, पण नाववाल्याची नाव घ्या, गप्पांत गाव कळतं. शिडाच्या होड्यांची परंपराही इथली जुनी. कोडाईत पायंडलच्या आणि वल्ह्याच्या बोटी जास्त चालतात, आणि तळ्याच्या फाट्यांमध्ये शिरलं की बोटहाऊसचा गलका मागे पडतो. दर दोन्हीकडे धक्क्यावरच्या फलकावर असतात, ते वाचूनच बसा. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा: पाण्यात उतरणं दोन्हीकडे नाही. कयाकिंगची हौस असेल तर नैनितालजवळच्या नौकुचियातालला जावं लागेल.

कोडाईच्या तळ्याचं खरं सुख बोटीत नाही, सायकलवर आहे. भोवताली सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता, जवळजवळ सपाट. भाड्याच्या सायकली तासावर मिळतात, दोघांनी मारायच्याही मिळतात. मात्र सकाळी साडेसात-आठच्या आत. दहानंतर त्याच रस्त्यावर गाड्या, भाड्याची घोडी आणि भाजलेली कणसं घेऊन उभी असलेली कुटुंबं यांतून सायकल काढणं म्हणजे सर्कस. भाड्याच्या सायकलींचे ब्रेक दुकानासमोरच दाबून बघावेत. तळ्याला लागूनच ब्रायंट पार्क आहे, १९०८ सालचं. मे महिन्यात तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं. फुलांची आवड असेल तर त्यासाठी तारखा जुळवा, नसेल तर ते दिवस टाळाच, कारण अख्खा दक्षिण तामिळनाडू तेव्हा तिथे असतो.

बाकीचं बघायला काय

इथे दोन्ही गावं थोडी थापा मारतात. नैनितालच्या जाहिरातीत रोपवेने स्नो व्ह्यूला गेलात की नंदादेवीची रांग दिसते. दिसते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एप्रिल-मेमध्ये हवेत धुरकट पडदा असतो, त्यात कुमाऊंच्या, म्हणजे नैनितालच्या आसपासच्या भागातल्या, चीडाच्या (पाइनच्या) जंगलांना वणवे लागतात. २०२४ च्या एप्रिलअखेर नैनितालजवळचे वणवे विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं भीमतालमधून पाणी उचलत होती. तेव्हा उन्हाळ्यात बर्फाची शिखरं दिसली तर बोनस समजा. रोपवे मुलांसाठी करा. त्यापेक्षा प्राणिसंग्रहालय बरं, चढ दमवतो पण पैसे वसूल होतात.

कोडाईची थाप धुक्याची. कोकर्स वॉक, पिलर रॉक्स, डॉल्फिन्स नोज ही सगळी कड्यावरची ठिकाणं. दुपारी ढग चढले की पिलर रॉक्सचे १२० मीटर उंच खडक तुमच्या समोर असूनही दिसत नाहीत. लोक अर्धा तास रेलिंगला टेकून वाट बघतात आणि चॉकलेट घेऊन परततात. सकाळी नऊच्या आधी पोचलात तर दरीसुद्धा तुमची आणि पार्किंगही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाची सरही येते, छत्री बॅगेत असू द्या.

कोडाईत एक जागा मात्र टूरवाल्यांच्या यादीत शेवटी असते आणि ती पहिली हवी, ती म्हणजे सौर वेधशाळा. १९०१ पासून इथून सूर्याचं निरीक्षण चालू आहे. सूर्यावरच्या डागांत वायू कसा वाहतो, हे जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये इथूनच शोधलं. शाळकरी मूल बरोबर असेल तर तिथे जाच, फक्त प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्या.

पोचायचं कसं

दोन्ही लांब, यात पळवाट नाही. नैनितालसाठी दिल्ली गाठायची. तिथून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते, पुढे घाटातून ३५-एक किलोमीटर. स्टेशनाबाहेर जीपवाले 'नैनिताल, नैनिताल' ओरडत उभेच असतात. कोडाईसाठी विमानाने मदुराई, मग १२० किलोमीटर रस्ता. किंवा रेल्वेने कोडाईकॅनल रोड, जे नावाला कोडाई असलं तरी गावापासून ८० किलोमीटर खाली आहे. घाट तिथला जास्त लांब आणि वळणांचा. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

पुढची जोड काय द्यायची यावरही बरंच ठरतं. आई-बाबा बरोबर असतील तर मदुराईची मीनाक्षी आणि रामेश्वर कोडाईला जोडून होतात, आणि मग लांबचा प्रवास त्यांना लांब वाटत नाही. नैनितालला कॉर्बेटचं जंगल किंवा राणीखेत जोडता येतं, पण कॉर्बेटचा ढिकाला भाग १५ जूनपासून पावसाळ्यासाठी बंद होतो.

कधी

दिल्लीकडच्या शाळांना सुट्टी मेच्या मध्याच्या सुमारास लागते, आणि तिथून जूनअखेरपर्यंत नैनितालचा श्वास कोंडतो. गाड्या खालीच अडवून शटलने वर पाठवण्याचे प्रकारही होतात. म्हणून नैनिताल करायचं तर मेच्या पहिल्या दहा दिवसांत. १५ जूनच्या आसपास तर नकोच. त्या दिवशी जवळच्या कैंची धाम या आश्रमाचा मेळा असतो आणि भोवतीचे सगळे रस्ते तुंबतात. याउलट तामिळनाडूच्या शाळा जूनच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळे कोडाई जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोकळी होते. पावसाचा तिथला खरा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, त्यांना तर हा काळ आयताच मिळतो.

मग कुठे?

गाडी न करता, पायीच सगळं करायचं असेल, बरोबर कॉलेजची मुलं असतील, बाजारपेठेचा कंटाळा नसेल, तर नैनिताल. रात्री शांत झोप हवी असेल तर मुक्काम भीमतालला करा. २०-२२ किलोमीटर खाली, थोडं गरम, पण तळं तिथेही आहे आणि खोल्या मोठ्या. रस्त्याच्या कडेला कागदाच्या पुडीत मीठ लावलेलं काफळ मिळालं तर सोडू नका. लाल, आंबटगोड, बिया थुंकत खायचं हे फळ मे-जूनशिवाय मिळत नाही.

लहान मूल, गुडघे दुखणारे आजी-आजोबा, सकाळी लवकर उठणारी मंडळी असतील तर कोडाई. चढ-उतार कमी, इडली-डोसा सगळ्यांना चालतो, आणि दुपारी ढगात हॉटेलच्या व्हरांड्यात पत्ते कुटत बसायला कोणी नावं ठेवत नाही. पण तिथे दिवसभरासाठी गाडी ठरवावीच लागेल, ते पैसे आधीच धरा.

माझा कौल, जून मोकळा असेल तर कोडाईला. मेचाच पहिला आठवडा हातात असेल तर नैनितालला.

कोडाईला स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर ई-पास ऑनलाइन काढून ठेवा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो ७ मे २०२४ पासून लागू झाला. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात तर रोजच्या गाड्यांवर मर्यादाही घातली होती: सोमवार ते शुक्रवार ४,०००, शनिवार-रविवारी ६,०००. सरकारी बसने जाणाऱ्यांना पास लागत नाही. आणि पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांना तिथे बंदी आहे, घरून स्टीलची बाटली न्या.