स्लाइड-आउट: मोटरचा घ्यावा की तेलाचा?

मोटरहोमची, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीची, स्लाइड-आउट खोली बाहेर सरकवायला मुख्यतः दोन तऱ्हा: मोटरवर चालणारी इलेक्ट्रिक आणि तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक. गाडी नागपुरात राहणार असेल तर माझं मत इलेक्ट्रिकला.

तिच्यात मोटर दातेरी पट्टीवर चाक फिरवते. खोली अडली की लोक मोटरला शिव्या घालतात, दोष बहुधा बॅटरीचा निघतो. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ अंशांवर गेला की बॅटरी लवकर म्हातारी होते. १२ व्होल्टची मोटर मग कण्हत, अर्ध्यात थांबते. मोटरच्या टोकांना मल्टिमीटर लावा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आकडा १० व्होल्टच्या खाली कोसळला तर आधी टर्मिनलवरची हिरवट-पांढरी पूड आणि अर्थिंगचा बोल्ट घासून साफ करा. बटण रेटून धरू नका, फ्यूज उडेल नाहीतर दाते तुटतील. मोटर मेलीच तर बहुतेक गाड्यांत हँडल फिरवून खोली आत घेता येते.

हायड्रॉलिक जड खोलीला बरं, ताकद भरपूर. पण गळती शोधणं म्हणजे गाडीखाली पुठ्ठा टाकून लोळणं. तेलाची पातळी सहसा सगळ्या खोल्या आत घेऊनच बघतात. पुष्कळ गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लागतं. मॅन्युअल न बघता जेसीबीचं तेल ओतणारे महाभागही असतात! होज (तेलाची नळी) मात्र नागपूरजवळ वाडीकडे ट्रकवाल्यांच्या दुकानांत बनवून मिळावा.

रुळांना ग्रीस फासू नका, आपल्याकडची धूळ त्यात बसते. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरे. रबर सील मात्र पावसाळ्याआधी हात फिरवून तपासाच.