कार्बनच्या अपरूपांचा प्रतिकृतिसंच : शिक्षकाचा अभिप्राय
नववीच्या वर्गासाठी मागवलेल्या या संचातून हिरा, ग्रॅफाइट आणि फुलरीन (चेंडूसारखा पोकळ रेणू) या कार्बनच्या अपरूपांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या रूपांच्या, प्रतिकृती जोडता येतात. हिऱ्याची जुळणी उत्तम आहे. कार्बनचा अणू दाखवणारा प्रत्येक काळा मणी चार मण्यांशी घट्ट बांधला जातो आणि पूर्ण झालेला सांगाडा दाबूनही हलत नाही, त्यामुळे काच कापण्यासाठी हिरा का वापरतात हे मुलांना हातानेच कळते. ग्रॅफाइटमध्ये मात्र गंभीर चूक आहे. एकाच थरातील शेजारच्या अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांमधले ०.३३५ नॅनोमीटर असताना येथे सर्वत्र सारख्याच लांबीच्या कांड्या दिल्या आहेत, आणि थरांमधली पकड सैल असल्यामुळेच पेन्सिल कागदावर उमटते हे मर्म त्यात हरवते. लांब कांड्या आम्ही स्वतः कापून घेतल्या. १९८५ मध्ये सापडलेल्या फुलरीनच्या ६० अणूंतून १२ पंचकोन आणि २० षटकोन जुळवताना मात्र सारा वर्ग रंगून गेला.