‘१९८५’चा स्नोबोर्ड आणि लांबी (पुट्टी) भरलेली भोकं

जुना स्नोबोर्ड ऑनलाइन घ्यायच्या बेतात कुणी असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. गेल्या हिवाळ्यात माझे एक लाख दोन हजार पाचशे रुपये गेले, आणि ज्याने ते घेतले तो त्याच फोटोंवर अजून नवी गिऱ्हाईकं गाठतोय.

मी नाशिकचा. आमचा चार-पाच जणांचा गट जमेल तसा जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला जातो. गंडोल्याने, म्हणजे रोपवेने कोंगदोरी, हवामान चांगलं असेल तर पुढे अफरवाट डोंगर, आणि मग खाली. मला जुन्या बोर्डांचं वेड तिथेच लागलं. जुन्या बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि रुंद असतं, त्यामुळे भुसभुशीत ताज्या बर्फात तो बुडत नाही, वर तरंगत राहतो. कडक बर्फावर मात्र तो नव्या बोर्डासारखा वळत नाही, पाय दुखून येतात. तरीही मला तोच आवडतो. या खेळाची सगळी वाटचाल त्या लाकडात दिसते. १९६५ साली मिशिगनमधल्या मस्कीगनला शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून, पुढे दोरी बांधून ‘स्नर्फर’ केला. त्याला बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारी पकड, नव्हतं. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँटमध्ये ‘बर्टन’ ही आपली कंपनी काढली. पुढे १९९८ ला नागानोच्या ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग आलं. स्नर्फर ते नागानो या मधल्या काळातला एक तरी बोर्ड आपल्याकडे असावा आणि तो भिंतीवर न टांगता बर्फावर चालवावा, ही माझी जुनी इच्छा.

ती मी एका ग्रुपवर बोलून दाखवली होती. काही दिवसांतच व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तोही मराठीत. मूळचा सांगलीकडचा, आता परदेशात स्थायिक, घर बदलतोय म्हणून संग्रह मोडायचाय, असं सांगणं. बोलणं अगदी मोकळं. “दादा, इथल्या लोकांना देण्यापेक्षा आपल्या माणसाकडे गेला तर मला बरं वाटेल,” हे वाक्य त्याने दोनदा तरी म्हटलं. १९८५ चा बर्टन, फारसा न वापरलेला, किंमत चौऱ्याऐंशी हजार. निम्मे आधी, निम्मे पाठवताना. फोटो सुरेख होते: पांढऱ्या गालिच्यावर आडवा ठेवलेला बोर्ड, मागे विटांची भिंत, डाव्या कोपऱ्यात हिरव्या खुर्चीचा पाय. सगळे फोटो वरच्या बाजूचे. बेसचे, म्हणजे खालच्या बाजूचे, आणि कडांचे मागितले तेव्हा “पॅक झालाय, आता उघडला तर टेप खराब होईल” असं उत्तर आलं.

उरलेले पैसे गेल्यावर तिसऱ्याच माणसाचा फोन आला. मुंबई कस्टममधून बोलतोय, पार्सल अडकलंय, ड्युटी आणि क्लिअरिंगचे मिळून साडेअठरा हजार आजच भरा, नाहीतर माल जप्त होऊन दंड लागेल. सोबत शिक्का मारलेलं पत्र, आणि पैसे भरायला एका खासगी व्यक्तीच्या नावाचा यूपीआय. मी भरले. इथे नीट लक्ष द्या. कस्टमची ड्युटी सरकारी खात्यात जाते, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. कुरिअरने माल आला असेल तर कुरिअर कंपनी केवायसी मागते आणि ड्युटीचा कागद देते. टपालाने आला असेल तर ड्युटी पोस्ट वसूल करतं. आणि कस्टमच्या पत्रावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. माझ्याकडे आलेल्या पत्रावर तो क्रमांक होता, पण संकेतस्थळावर टाकला की अशी नोंदच नाही असं दिसतं. मला हे नंतर सायबर पोलीस ठाण्यात दाखवण्यात आलं.

खोकं आलं ते दिल्लीहून. पाठवणाऱ्याचा पत्ता दिल्लीचा, आत कोंबलेला पेपर दिल्लीचा हिंदी, तारीख आठवड्यापूर्वीची. परदेशातून मुंबईच्या कस्टममध्ये अडकलेला माल तो हा.

बोर्ड सातपूरला अण्णांच्या वर्कशॉपमध्ये नेला. अण्णांनी उभ्या आयुष्यात स्नोबोर्ड हातात घेतला नव्हता, पण लाकूड, धातू आणि रंग त्यांना कळतो. त्यांनी आधी कडेला लोहचुंबक लावलं. एका बाजूला चिकटलं, दुसऱ्या बाजूला मधल्या वीतभर भागात चिकटेना. तिथली पोलादी कड तुटलेली होती आणि तिच्या जागी ॲल्युमिनियमची पट्टी डकवून काळा रंग मारला होता. वरचं चित्र म्हणजे छापील स्टिकर होता, नखाने कोपरा उचलला गेला. मग त्यांनी बोर्ड ट्यूबलाइटखाली तिरका धरला. बाइंडिंगच्या जागी पृष्ठभाग किंचित दबलेला दिसला. हळूच खरवडलं तर खाली लांबी निघाली, गाडीच्या पत्र्याला पोचा आल्यावर भरतात तीच. लांबी काढल्यावर तीन भोकं त्रिकोणात. त्यातल्या दोनांतले आट्यांचे इन्सर्ट, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या धातूच्या पुंगळ्या, उपटून निघालेले होते.

जाणकाराला तेवढ्यावरून सगळं कळतं. १९८५ च्या सुमाराच्या बोर्डांवर बाइंडिंग बहुधा थेट लाकडात स्क्रूने बसवत. आट्यांचे इन्सर्ट नंतर रूढ झाले, आणि बर्टनची ती त्रिकोणी तीन भोकांची रचना १९९० च्या दशकातली. म्हणजे नव्वदीतला, इन्सर्ट उखडलेला, भंगारात निघालेला बोर्ड मला पंच्याऐंशीचा म्हणून विकला होता. पैशांपेक्षा मला संताप याचा आला की त्याला ठाऊक होतं, मी हा चालवणार आहे. लांबीत बसवलेला स्क्रू माणसाचं वजन धरत नाही. अफरवाटच्या उतारावर एका पायाचं बाइंडिंग निघालं असतं, तर खाली काय झालं असतं ते बर्फावर गेलेल्याला सांगायला नको.

मी फोन केला तेव्हा तो जराही गडबडला नाही. “जुना माल आहे दादा, थोडंफार असायचंच. पाच हजार परत करतो, विषय मिटवू.” सायबर ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी यातली मेख सांगितली. काहीच पाठवलं नाही तर माणूस लगेच पोलिसांकडे धावतो. काहीतरी पाठवलं की तो घासाघीस करत बसतो आणि तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. म्हणून मी पाच हजार घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. ड्युटीच्या नावाने घेतलेल्या रकमेतला काही भाग समोरच्या खात्यात शिल्लक होता, तो गोठवला गेला. तो परत मिळायची प्रक्रिया अजून चालू आहे. बाकीचे गेले. तक्रारीत सगळ्यात उपयोगी पडलं ते चॅट, ज्यात त्याने स्वतः ‘१९८५’ आणि ‘ओरिजिनल’ असं लिहिलं होतं. फोनवरच्या गप्पांना काडीचा आधार नसतो, त्यामुळे वर्ष, मॉडेल आणि दुरुस्ती झाली आहे की नाही, हे समोरच्याकडून लिहूनच घ्या.

आता घ्यायचाच झाला तर मी व्हिडिओ कॉलवर बोर्ड उलटा करायला लावतो. बेसवर उभी-आडवी ट्यूबलाइट फिरवायला सांगतो, कडांना चुंबक लावायला सांगतो, भोकांचा जवळून फोटो आजच्या पेपरसकट मागतो. खऱ्या विक्रेत्याला याचा राग येत नाही. आमच्या गटातल्या एकाला नंतर मनालीच्या एका जुन्या गाइडकडून नव्वदीतला बोर्ड मिळाला, त्या गाइडने न विचारता बोर्डाच्या तुटलेल्या भागाचा फोटो आधी पाठवला होता. एक मात्र, बोर्ड कितीही चांगला निघाला तरी त्याच्याबरोबर आलेली जुनी बाइंडिंग वापरू नका. तीस-चाळीस वर्षांचं प्लास्टिक थंडीत काडकन मोडतं.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका ट्रेकरने मला फोटो पाठवून विचारलं, “हा कसा वाटतो?” पांढरा गालिचा, विटांची भिंत, हिरव्या खुर्चीचा पाय. या वेळी वर्ष १९८३ सांगितलं होतं आणि विक्रेता मूळचा कोल्हापूरचा झाला होता. त्याचे पैसे वाचले. इमेज सर्चवर टाकला तर तो फोटो एका जुन्या परदेशी लिलावाच्या जाहिरातीतला निघाला. तुमच्याकडे हे फोटो आले तर पैसे पाठवू नका, नंबर आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट घ्या, आणि १९३० ला तक्रार करताना नाशिकला अशीच तक्रार आधी झाली आहे हे सांगा. माझा तक्रार क्रमांक हवा असेल तर मला मेसेज करा, मी देतो.