हॅशटॅग सुचवणारे अ‍ॅप: शोधायला उपयुक्त, निवडायला अपुरे

लघु व्हिडिओंसाठी हॅशटॅग सुचवणारे एक सशुल्क अ‍ॅप मी सध्या वापरत आहे. विषयाचा एखादा शब्द लिहिला की संबंधित हॅशटॅग वापराच्या प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने समोर येतात आणि ते सगळे एकदम कॉपी करता येतात. माझ्या मते नेमकी हीच सोय घातक आहे. कुंडीतल्या मातीचा निचरा कसा सुधारावा, हे दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी या अ‍ॅपने #व्हायरल, #ट्रेंडिंग आणि #निसर्ग यांना अग्रस्थान दिले. #कुंडीतीलबाग आणि #मातीचानिचरा हे यादीच्या तळाशी सापडले, वास्तविक कुंडीत पाणी साचल्याने हैराण झालेला माणूस याच शब्दांनी शोध घेणार. अतिव्यापक हॅशटॅगखाली सतत इतके व्हिडिओ येत असतात की नवख्याचा व्हिडिओ पाहता पाहता खाली ढकलला जातो.

यूट्यूबवर एका व्हिडिओला 60 पेक्षा अधिक हॅशटॅग दिले तर त्यांतला एकही विचारात घेतला जात नाही, तरीही अ‍ॅप याबाबत कोणतीही सूचना देत नाही. हॅशटॅगचे संच साठवण्याची सोय नीटनेटकी आहे, पण प्रत्येक व्हिडिओला तोच संच चिकटवण्याचा मोह तिच्यामुळे वाढतो. शब्द सुचत नसतील तेव्हा हे अ‍ॅप जरूर उघडावे, त्यातून विषयाला थेट भिडणारे तीन-चार हॅशटॅग स्वतः निवडावेत आणि बाकीची यादी सोडून द्यावी. एवढ्या कामासाठी मोफत आवृत्ती पुरेशी आहे. वार्षिक वर्गणी भरण्याची शिफारस मी करणार नाही.