लेकीचा बॅले क्लास, ९ महिन्यांनंतर (वय साडेपाच)

सप्टेंबरपासून लेक दर शनिवारी सकाळी बॅलेला जातेय, आता टर्म संपत आली म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आम्ही सुरू केलं तेव्हा मराठीत मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं आणि इथे लंडनच्या हॅरोमधल्या ओळखीच्या सगळ्या आया हेच विचारतात की किती दिवसांत मुलगी काहीतरी करून दाखवायला लागते.

आधी सांगते, हा आमचा दुसरा क्लास आहे. पहिल्या ठिकाणी (नाव नको) ६ आठवडे गेलो. तिथे ४-५ वर्षांच्या पोरांची पावलं टीचर हाताने धरून बाहेर फिरवायच्या, दोन्ही पावलं एका रेषेत आली पाहिजेत म्हणून. दिसायला एकदम बॅले, मी फोटो काढून नाशिकला आईला पाठवले पण. मग एका रात्री झोपायचे कपडे घालताना लेक म्हणाली आई इथे दुखतंय, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. तोच फोटो परत मोठा करून बघितला तर पावलं बाजूला, गुडघे मात्र सरळ समोर, आणि तळव्याची कमान आत पूर्ण दबलेली. फार वाईट वाटलं मला, कारण मी स्वतः लहानपणी भरतनाट्यम शिकलेय, अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसतात ती) बसताना गुडघा पायाच्या बोटांच्या वर आला पाहिजे हे ताईंनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं, आणि बॅलेच्या प्लिएचा (गुडघे वाकवण्याचा) नियम अगदी तोच आहे. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. या वयात मांडीचं हाड तसंही थोडं आत वळलेलं असतं, वाढत्या वयात ते हळूहळू कमी होतं, तोपर्यंत पाऊल ओढून फिरवलं की पीळ सगळा गुडघ्याला आणि घोट्याला बसतो.

आत्ताच्या टीचर रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या बॅलेच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम शिकवतात. अर्धा तास क्लास, आठवड्यातून एकदाच. पहिले चार महिने पावलं समांतर, फर्स्ट पोझिशन (टाचा जुळवून पावलं बाहेर) आली ती जानेवारीत आणि ती पण छोटीशी, पिझ्झाच्या तुकड्याएवढी. बाकी काय तर मार्च करत चालणं, घोड्यासारखं दौडणं, संगीत थांबलं की जागच्या जागी पुतळा, आणि स्किपिंग, म्हणजे दोरीवरचं नाही, एकेका पायावर लंगडी घेत पुढे जायचं ते. ते सोपं वाटतं पण डावा पाय उजवा हात जुळायला लेकीला मार्च उजाडला.

मला सगळ्यात आवडलं ते उड्या शिकवणं. खाली मांजर झोपलंय, ते उठलं नाही पाहिजे. मग पोरं आपोआप आधी बोटं, मग टाच टेकवतात आणि गुडघे वाकवतात. परवा घरी सोफ्यावरून उडी मारली (रोजच मारते) तर आवाजच आला नाही, वळून बघितलं तर गुडघे छान वाकवलेले आणि बरोबर बोटांच्या वर. ९ महिन्यांची फी तिथे वसूल झाली माझ्यासाठी.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, अगं तो पाय डोक्यापर्यंत कधी जाणार हिचा? नाही जाणार आई आत्ता, आणि कुणी दाबून स्प्लिट करून घेत असेल तर मीच तिला बाहेर काढीन. पॉइंट शूजचं, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायच्या कडक शूजचं पण तेच. पायाची हाडं अजून तयार होतायत, ते शूज साधारण वयाच्या १२ च्या आसपास आणि ते पण आधी काही वर्षं नियमित शिकून ताकद आली असेल तरच. अकॅडमीच्या परीक्षेत सुद्धा प्री-प्रायमरीला ५, प्रायमरीला ६ पूर्ण लागतात, आणि पॉइंटचं काम ज्यात येतं त्या व्होकेशनल (व्यावसायिक नृत्याच्या वाटेवरच्या) परीक्षा ११ नंतर. रॉयल बॅले स्कूलच्या रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉज या शाळेला मुलं जातात ती ११ व्या वर्षी. मग आपल्या पाच वर्षांच्या पोरीला घाई कसली?

शूज लेदरचे, अखंड सोलचे घ्या, सॅटिनचे नको, घसरतात. आणि पुढच्या वर्षीही होतील म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, मी घेतले होते, पुढचं कापड दुमडून ती दोनदा पडली.

न आवडलेलं म्हणजे आयांना आत बसू देत नाहीत, टर्मच्या शेवटच्या क्लासलाच बघता येतं. आणि सुट्टी झाली तर पैसे परत नाहीत.

अजून एक, एका मैत्रिणीची मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला वाटतंय उशीर झाला. अजिबात नाही. पाय, पाठ, हात एकत्र सांभाळायची खरी समज ७-८ नंतरच येते, त्याआधी ताल, तोल आणि आनंद एवढंच. खुशाल घाल तिला सप्टेंबरपासून.