जुनी जर्मन सेडान घेताय? माझे 15,10,000 कसे गेले ते आधी वाचा

आकडे आधीच सांगून टाकतो, कारण तोंडी कोणी विचारलं की माझ्याच्याने ते बोलवत नाहीत. टोकन 51,000. आरटीजीएस 12,34,000. रोख 1,90,000, ज्याची पावती नाही. वर ‘नाव ट्रान्सफर आणि फाईल’चे म्हणून 35,000. एकूण 15,10,000 रुपये. गाडी 2016 ची, डिझेल, एका जर्मन कंपनीची मोठी सेडान. मीटरवर 61,400 किलोमीटर, एकच मालक, तोही म्हणे डॉक्टर. 2025 च्या जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातून घेतली आणि एप्रिल संपायच्या आत ती समृद्धी महामार्गावर मेहकरच्या पुढे वाफा सोडत बंद पडली. दुपारची दीडची वेळ, 44 अंश, बाजूला सावलीला झाड नाही आणि गाडीत माझी म्हातारी आई. ज्याने ती मला विकली त्या माणसाला मी यासाठी कधीच माफ करणार नाही.

मीटर मागे फिरवतात, अपघाताची गाडी रंगवून विकतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. म्हणून पत्र्यावरच्या रंगाची जाडी बघितली, दारांचे रबर काढून वेल्डिंग बघितलं, वाहन पोर्टलवर कर्ज नाही हे तपासलं. कोणी म्हणू नये की डोळे झाकून घेतली. पण एंजिनची उष्णता कशी लपवतात, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

बॉनेट उघडलं तेव्हा मी कूलंटच्या, म्हणजे एंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचं झाकण स्वतः फिरवलं. आत स्वच्छ, बिनरंगाचं पाणी. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं असतं, काही ना काही रंगाचं असतंच. मी विचारलंही. शोरूममधला पोरगा लगेच म्हणाला, “काका, आत्ताच फ्लश केलंय, नवीन भरायचंय, डिलिव्हरीच्या आधी कंपनीचं टाकून देतो.” मी झाकण परत लावलं. तो क्षण आजही रात्री डोळ्यांसमोर येतो. पण आम्ही वऱ्हाडातली शेतीवाली माणसं. आमच्या घरच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये वडिलांच्या काळापासून साधं पाणीच आहे. पाणी बघून माझ्या पोटात गोळा यावा तरी कशाला? ज्या एंजिनातून कूलंट गळतंय त्यात कोणी महागडं कूलंट ओतत नाही, हा अर्थ मला तिथे उभ्या-उभ्या कसा लागणार होता?

दुसरी गोष्ट विमा पॉलिसीची. त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. जपून वापरणाऱ्या डॉक्टरच्या गाडीवर पाच वर्षांत तो 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असायला हवा. त्याचं उत्तर तयार होतं: पॉलिसी उशिरा रिन्यू झाली, बोनस गेला. मुदत संपून 90 दिवस उलटले की बोनस जातो, हे खरंच आहे. खऱ्या नियमाच्या आड खोटं लपवलं, की समोरचा कसा ओळखणार? तुम्ही मात्र मागच्या सगळ्या पॉलिसी मागा. देत नसेल तर उठा.

नागपूरला वर्कशॉपमध्ये एंजिन उघडल्यावर सगळं बाहेर आलं. थर्मोस्टॅट, म्हणजे एंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकलेला होता. त्यामुळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि जानेवारीच्या गारव्यात एंजिन तापतच नाही. तासभर चालवा, चूक सापडणार नाही. रेडिएटरमध्ये गळती बुजवायची पावडर ओतलेली, तिने बारीक नळ्या अर्ध्या चोंदलेल्या. हेड गॅस्केट, म्हणजे एंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, आधीच गेलेलं. कूलंटच्या टाकीला बारीक तडा, त्यावर आतून डिंकासारखं काहीतरी फासलेलं. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरने पुसलेले. एसी फुल, गाडीत तीन माणसं, ताशी 110 चा वेग आणि वर वैशाखातलं ऊन असं सगळं एकत्र आलं आणि ते सोंग उघडं पडलं. हेड वाकलं. एस्टिमेट 4,86,500. एसी कॉम्प्रेसरचे वेगळे 1,12,000. मेहकरहून नागपूरपर्यंत फ्लॅटबेडचे 22,000.

आणि मीटर? चेसिस नंबर टाकल्यावर कंपनीच्या नोंदीत 2022 सालीच 1,38,210 किलोमीटर दिसले. विक्रेता मला म्हणाला होता, वॉरंटी संपल्यावर मालकाने बाहेर सर्व्हिसिंग केलं, रेकॉर्ड मिळणार नाही. रेकॉर्ड होतं. मालकाच्या संमतीशिवाय देत नाहीत एवढंच. मग मालकाला फोन लावायला सांगा, त्याच्याच तोंडून संमती घ्या, आणि रेकॉर्ड हातात आल्याशिवाय टोकनचा एक रुपया देऊ नका. मला त्या डॉक्टरचा नंबर शेवटपर्यंत दिला नाही. ‘ते परदेशात असतात.’

आता पुढचं ऐका, कारण माझा खरा संताप इथे आहे.

आमच्या गावच्या पोलीस ठाण्यात गेलो. “व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा.” मी म्हटलं, भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते. अंमलदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आरोपी. तिकडच्या ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, “गाडी तुमच्या नावावर झाली, आरसी आली, मग फसवणूक कुठे? हे दिवाणी प्रकरण आहे.” मीटर फिरवून, गॅस्केट लपवून पंधरा लाख घेतले तरी ती फसवणूक नाही! भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर “एवढी मोठी गाडी घेता, वकील नाही का परवडत?” हे ऐकून घ्यावं लागलं. पुढे ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: साहेब बंदोबस्ताला आहेत.

परिवहन कार्यालयात विचारलं की या माणसाकडे जुन्या गाड्या विकायचं अधिकारपत्र आहे का. 1 एप्रिल 2023 पासून ते बंधनकारक आहे. खिडकीवरचा म्हणाला, माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाकला. तीस दिवसांची मुदत उलटली, उत्तर नाही. अपील केलं. उत्तर आलं: ‘सदर माहिती या शाखेशी संबंधित नाही.’ मग कुठल्या शाखेशी आहे ते लिहायला काय होतं? कोणी लिहीत नाही, कोणी सही करत नाही, आणि तो माणूस त्याच रस्त्यावर, त्याच फ्लेक्सखाली आजही गाड्या विकतोय.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी विक्रेत्याला मेल पाठवला, विक्रेत्याने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद झाल्याचा मेसेज मला आला.

शेवटी ग्राहक आयोग. इथे एक गोष्ट नीट ऐका: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या शहरात जायची गरज नाही. हे मला एकाही कार्यालयाने सांगितलं नाही. माझ्या रकमेला फी 400 रुपये. तक्रार करायची मुदत दोन वर्षं. पण विक्रेत्याच्या वकिलाचं म्हणणं काय, तर माझं कृषी सेवा केंद्र आहे, गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून मी ग्राहकच नाही. त्या गाडीतून मी खताची पोती वाहणार होतो का? आणि गाडी दुरुस्त करावी तर ते म्हणतील पुरावा नष्ट केला, न करावी तर ती पत्र्याच्या शेडमध्ये सडते. वर्कशॉपचा लेखी तपासणी अहवाल घ्यायला 8,850 लागले, ते मी भरले. तुम्हीही भरा, दुरुस्तीच्या आधी, फोटोंसकट. त्या 1,90,000 चा मात्र कुठेच पुरावा नाही. ‘कर वाचतो’ म्हणून रोख मागितली, की समजा तेवढ्या रकमेचा दावा तुम्ही आधीच हरलात.

विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात राहात असाल तर अशी गाडी मे महिन्यात, दुपारी बघा. एंजिन गार असताना स्वतः सुरू करा. गाडी सावलीत असूनही बॉनेट तापलेलं लागलं तर परत निघा. अर्धा तास एसी लावून उभी ठेवा, मग चढावर न्या. स्कॅनर स्वतःचा न्या, आणि ‘कोड नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या, अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. आमच्याकडच्या उन्हात कूलंटची प्लास्टिक टाकी, रबरी पाइप, एअर सस्पेन्शनच्या (हादरे झेलणाऱ्या हवेच्या) पिशव्या आधी तडकतात. गाडीच्या किमतीच्या निदान पाचवा हिस्सा बाजूला नसेल तर चांगली गाडीसुद्धा घेऊ नका.

आयोगात त्याने जबाब दाखल करायला पुन्हा मुदत मागितली आहे. चमकदार शोरूम, दारात दोन पांढऱ्या सेडान, ‘काका काका’ करणारा पोरगा आणि परदेशात असलेला डॉक्टर, यातलं काही ओळखीचं वाटलं आणि तुमच्याकडे पावती असेल, तर शपथपत्र द्यायला पुढे या. माझी तारीख अजून लागायची आहे.