पॉम्पेई की हर्क्युलेनियम: हाताशी एकच दिवस असेल तर

नेपल्सला मुक्काम आहे, अवशेष बघायला एकच दिवस आहे आणि सोबत आई-बाबाही आहेत? मग मी हर्क्युलेनियम म्हणेन. पॉम्पेई न बघता परत यायचं म्हटलं की जिवावर येतं, मान्य आहे. म्हणून जरा सविस्तर.

इटलीतली ही दोन्ही प्राचीन रोमन गावं इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या एकाच उद्रेकात गाडली गेली. नेपल्स-सोरेंतो लोकलने दोन्हीकडे जाता येतं. हर्क्युलेनियमसाठी एर्कोलानो स्कावी स्टेशनवर उतरायचं, वीसेक मिनिटं लागतात. पॉम्पेईला जवळपास दुप्पट.

पॉम्पेई म्हणजे 66 हेक्टरांचं अख्खं शहर. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग उकरून झालाय. रस्त्याच्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, पलीकडे जायला मांडलेले उंच दगड, बेकऱ्यांमधली दगडी जाती बघताना शहर चालू असल्यासारखं वाटतं. राखेत माणसांची शरीरं कुजून पोकळ्या उरल्या होत्या. पुरातत्त्वज्ञ फियोरेल्लीने 1863 मध्ये त्यांत प्लास्टर ओतून ठसे काढायला सुरुवात केली. ते ठसे विसरता येत नाहीत. पण अँफिथिएटर एका टोकाला आणि भिंतिचित्रांचा मिस्टेरी व्हिला पार दुसऱ्या टोकाला, गावकुसाबाहेर. दोन्ही गाठायचे तर दिवस गेलाच. बहुतेक घरांना छप्पर नाही, सावली नावाला आणि पायाखाली ओबडधोबड फरशी. जुलैत गुडघेदुखीवाल्या माणसाला तिथे नेणं म्हणजे शिक्षाच.

हर्क्युलेनियममध्ये उघडा झालेला भाग जेमतेम चार-पाच हेक्टरांचा. बाकीचं गाव आजच्या एर्कोलानोच्या घरांखाली आहे. दोन-तीन तासांत निवांत बघून होतं. इथे तापलेल्या राखेच्या लोटांनी लाकूड जळून न जाता कोळसा होऊन टिकलं. त्यामुळे तुळया, दारं, एका घरातला लाकडी आडपडदा, दुकानातली मद्यकुंभ ठेवायची मांडणी अजून जागच्या जागी दिसते. वरचे मजलेही शाबूत आहेत. पॉम्पेईत शहर कळतं, इथे घर कळतं. मला घर जास्त भावतं. भव्य फोरम (शहराचा मुख्य चौक) वगैरे मात्र इथे शोधू नका. जुन्या किनाऱ्यावरच्या कमानींखाली आसऱ्याला आलेल्या सुमारे 300 जणांचे सांगाडे सापडले. मुलं बरोबर असतील तर आधी थोडं सांगून ठेवा.

अर्ध्या दिवसात मोकळे झालात की दुपारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय (मंगळवारी बंद). पॉम्पेईतली उत्तमोत्तम मोझेक मुळात तिथेच आहेत. आणि 1938 मध्ये पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती ‘लक्ष्मी’सुद्धा. ती लक्ष्मी की यक्षी, यावर वाद आहे. पण तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्या भोकरदन आणि तेरला मिळाल्यात. फक्त ती ठेवलीय कामुक कलेच्या ‘गुप्त दालनात’, तेव्हा सासू-सासऱ्यांना घेऊन आत शिरायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पाय धड आहेत, हवा थंड आहे आणि पूर्ण दिवस मोकळा आहे, तर खुशाल पॉम्पेई. पण तिकीट आधी काढा. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 जणांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव लागतं.

मुक्काम रोममध्येच असेल आणि नेपल्सची धावपळ नको असेल, तर ओस्तिया अँटिका, म्हणजे प्राचीन रोमच्या बंदराचे अवशेष. लोकलने अर्धा तास, पाइनची सावली, आणि गर्दी फारच कमी.